सत्त्याण्णव अंश

"वह्या नव्यानं लिहून घ्यायला वेळ किती लागतोय, सर? एक दुपार. पण मग पोरांनी काय बघितलं ते त्यात राहणार नाही, नुसतं सुंदर अक्षर राहील."

विज्ञानाच्या बाई हेडसरांशी बोलत होत्या, हात मात्र काजळी धरलेल्या स्टोव्हवरच चालू होता. तपासणी उद्यावर आलेली. टेबलावर सातवीच्या वह्या, आणि पानोपानी खाडाखोड. पुस्तकात पाणी शंभर अंशाला उकळतं. या वह्यांत कुणाचं शहाण्णवला, कुणाचं सत्त्याण्णवला. साहेबांचा शेरा वाईट आला तर पुढच्या वर्षी विज्ञान काढून घेऊन तुम्हाला हस्तकला द्यावी लागेल, हे हेडसरांनी अगदी गोडीगुलाबीनं सांगितलं. बाई म्हणाल्या, द्या की.

पोरं त्यांना रेघबाई म्हणत. त्यांच्या तासाला खोडरबर चालत नसे. आकडा चुकला तर वरून एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. हे खूळ काही जन्मापासूनचं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी हाच प्रयोग पोरांवर सोपवून बाई प्रशिक्षणाला गेल्या. परत येऊन बघतात तर चाळीसच्या चाळीस वह्यांत शंभर. सगळ्यांना दहापैकी दहा देऊन बाई दिवसभर शाळेत मिरवल्या. शाळा सुटताना शिपाईमामांनी सहज विचारलं, पोरांनी मोजलं कशानं? थर्मामीटरच्या कपाटाची किल्ली आठवडाभर मामांच्याच खिशात होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गापुढं कबूल केलं, की मी मोजणीला नाही, पाठांतराला मार्क दिले. आणि पहिली रेघ स्वतः दिलेल्या दहावर मारली.

तपासणीचे साहेब आले ते घाईतच. वही उघडली, कपाळाला आठ्या. दुसरी उघडली, आठ्या वाढल्या. दोन वेण्या घातलेल्या एका पोरीला उठवून विचारलं, शंभर का नाही?

ती म्हणाली, तीनदा मोजलं, दोनदा सत्त्याण्णव आलं. मग थर्मामीटरचाच संशय आला म्हणून तो वितळत्या बर्फात धरला, तर शून्याच्या एक खाली. म्हणजे तो एक अंश कमी दाखवतो.

"मग राहिले दोन. ते कुठं गेले?"

"आपलं गाव उंचावर आहे, त्यामुळं असेल. पण ते अजून तपासलेलं नाही, सर."

साहेब उठून उकळत्या पाण्यापाशी गेले, उभ्या उभ्याच बघितलं आणि म्हणाले, अठ्ठ्याण्णव.

"वाकून बघा, सर," पोरगी म्हणाली. "वरून बघितलं की जास्त दिसतं."

हेडसरांनी रुमाल काढला. साहेब गुडघ्यांत वाकले, डोळा पाऱ्याच्या रेघेशी आणला.

"सत्त्याण्णव," म्हणाले.

जाताना शेरा लिहून गेले: वह्या खऱ्या आहेत, विज्ञान याच बाईंकडे ठेवावं. हेडसरांनी तो शिक्षकखोलीत दोनदा वाचून दाखवला, जसं काही सगळं त्यांच्याच सांगण्यावरून झालं होतं. बाईंनी धड ऐकलासुद्धा नाही.

"मामा, पोरगी साहेबांना वाका म्हणाली," त्या शिपाईमामांना सांगत होत्या. "माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही तिनं."

एवढं बोलताना मान अशी ताठ, की मामा हसले. तेवढ्यात आठवीची पोरं जिना चढून आलीच. बाईंनी पदर खोचला, गरम चंचुपात्र फडक्यानं उचललं आणि पाणी मोरीत ओतायला गेल्या.