पडजीभ
हळद-मिठाचा वास आला की आजही माझं टाळकं सणकतं. येडशीला, आमच्या गावी, धाकट्या बहिणीचा घसा सुजून ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्याच दिवशी ताप उतरला. चुलतीनं हळद-मिठाचं बोट घशात घालून तिची पडजीभ उचलली आणि म्हणाली, "बरं झालंय की लेकरू. आता गोळ्या कशाला, लई उष्ण पडत्यात." उरलेल्या गोळ्या मी उकिरड्यावर फेकल्या. महिन्याभरात बहिणीचे सांधे सुजले, मग हृदयाची झडप गेली. गोळ्या अर्धवट सोडल्यानं घशात उरलेल्या जंतूच्या अंगावरचं प्रथिन हृदयातल्या प्रथिनासारखं दिसतं, म्हणून जंतूशी लढणारं शरीर हृदयावरच तुटून पडतं, हे मी आता वर्गात शिकवते. चुलतीशी मी कित्येक वर्षं बोलले नाही. तिला तर लिहितावाचताही येत नव्हतं. गोळ्या फेकणारी मी बारावी सायन्सला होते.