तीन इनहेलर, सील शाबूत

ते प्रकरण डोक्यातून काढून टाकायचा मी निवृत्तीनंतर पुष्कळ प्रयत्न केला. निघत नाही.

तेव्हा मी अंबत्तूर भागातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला. बोलणारी बाई एका खासगी नर्सिंग होममधून काढून टाकलेली आया होती. तमिळमध्ये म्हणाली, "सार, चार नंबरच्या खाटेवर दर तीन महिन्यांनी तीच बाई भरती होते, पण चादर कधी मळत नाही." ही खबर खरी असणार हे मी तेव्हाच ओळखलं. चादरीचं असलं काही कुणी मनाने रचून सांगत नाही.

रजिस्टर ताब्यात घेतलं. दम्याची पेशंट, दोन दिवस भरती, बिल विमा कंपनीकडून मंजूर. नवरा एका कारखान्यात स्टोअरकीपर. विमा कंपनीची लेखी तक्रार घेऊन गुन्हा नोंदवला आणि त्याला ठाण्यात आणलं.

नाकासमोर चालणारा माणूस. मोडक्या तमिळमध्ये "तेरियादु, सार", माहीत नाही, एवढंच म्हणत राहिला. नाव-गाव लिहिताना कळलं, सोलापूरकडचा. मी तंजावरच्या मराठी घरातला. कॉफी मागवली आणि मराठीत म्हणालो, "घाबरू नका, भाऊ. काय झालं ते सांगा." परमुलखातल्या ठाण्यात आपली भाषा ऐकून त्याचे डोळे भरले. मला मात्र आता कबुली मिळणार एवढंच दिसलं.

"साहेब, बायकोला डॉक्टरांनी रोजचा इनहेलर लिहून दिलाय. तो चालू असला की तिला दम लागत नाही. विमावाले म्हणतात, घरी घ्यायचं औषध बसत नाही, भरती झालात तरच देऊ. मी म्हटलं, अहो, भरती व्हायला लागू नये म्हणूनच तर औषध आहे! ते म्हणाले, नियम वाचा."

"मग?"

"मग कागदावर भरती केली. औषध बिलात घालून मिळायचं. बाकीचं त्या नर्सिंग होमवाल्यांनी खाल्लं."

गुन्हा उलगडला. संध्याकाळच्या आत घराची झडती घेतली. कपाटात शेवटच्या खोट्या भरतीचे तीन इनहेलर होते. पंचनामा केला, पाकिटावर लाख लावली. त्याची बायको दाराशी उभी होती.

"साहेब, एक तरी ठेवा. हातातला संपत आलाय."

"ताई, हा पुरावा आहे. कोर्टात अर्ज करा, परत मिळतील."

पंचनाम्यात दोन लिहिले असते तर कुणाला कळलं असतं? पण माझे कागद चोख असतात असा माझा लौकिक होता, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

नवरा कोठडीत, नोकरी गेलेली. तिने अर्ज केला. कोर्टाने त्यावर पोलिसांचं म्हणणं मागवलं. तो कागद आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होता, कारण मी बंदोबस्तात होतो. लिहायला पाच मिनिटं लागली असती. शेजारीण नंतर म्हणाली, ती आधी दिवसाआड औषध घेत होती, मग तेही संपलं. एका दुपारी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. ही भरती खरी होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी कोणताही नियम मोडला नव्हता. विमावाल्यांनीही मोडला नव्हता. मोडला होता तिच्या नवऱ्याने. नोकरीभर मी माणसं ओळखण्याची बढाई मारली, आणि दारात उभी राहून औषध मागणारी बाई मला दिसली नाही. या प्रकरणाने मला हे शिकवलं, पण ते तिच्या काही उपयोगाचं नाही.

मुद्देमाल परत करण्याचा हुकूम त्यानंतर आला. नवरा जामिनावर सुटून ठाण्यात आला. ठाण्याची लिखापढी करणाऱ्या रायटरने सील शाबूत असल्याची नोंद केली आणि पाकीट फोडलं. प्रत्येक इनहेलरवर उरलेले डोस दाखवणारी छोटी खिडकी असते. त्याने तिन्ही उचलून पाहिले. तिन्हींवर पुरेपूर एकशे वीस.

मी मराठीत म्हणालो, "भाऊ, बसा जरा."

तो बसला नाही. माझ्याकडे न बघता, रायटरला मोडक्या तमिळमध्ये त्याने विचारलं, सही कुठे करायची.