मधली खुंटी

धक्क्यावर सगळे तिला बसबाई म्हणायचे. निवृत्त होईपर्यंत तिनं शहराची बस चालवली होती. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या बोळातूनही आरशाला ओरखडा न लागता ती बस काढायची. नवऱ्याच्या शिडाच्या होडीवर मात्र कारभार उलटा. उघड्या पाण्यात सुकाणू तिच्या हाती असे, पण धक्का दिसू लागला की नवरा ते काढून घेई, आणि बसबाईची कंडक्टर होई. दोर घेऊन धक्क्यावर उडी मारायची, पुढचं टोक बांधायचं, मग पळत जाऊन मागचं.

"होडीला ब्रेक नसतो, लक्षात ठेव," तो दर खेपेला म्हणायचा.

"तुमच्या तोंडाला तरी कुठे आहे?" ती म्हणायची.

तो गेल्यावर होडी विकून टाक, असं ज्यानं त्यानं सुचवलं. तिनं ऐकलं नाही. थंडी ओसरल्यावर एकदा ती एकटीच होडी घेऊन निघाली. बाहेर सगळं छान जमलं. परतताना मात्र वारा आडवा झाला. इंजिन बंद करून ती पुढे धावली, उडी मारली, पुढचा दोर बांधला. आणि मागे वळून बघते तो होडीचं मागचं टोक दारासारखं उघडत चाललेलं. ते थेट शेजारच्या होडीच्या कठड्यावर जाऊन आदळलं. शेजारी दातांचे डॉक्टर. बिचारे चहाचा कप सांभाळत बाहेर आले आणि म्हणाले, "काही हरकत नाही, होतं असं." त्यांनी चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर कितीतरी दिवस ती नुसतीच जाऊन होडीत बसायची. इतर लोक होड्या कशा लावतात ते बघायची. एकटेदुकटे येणारे पुढचा दोर बांधतच नसत. होडीच्या मधोमध, काठाला दोन शिंगांची एक खुंटी असे. तिथला दोर धक्क्यावरच्या खुंट्याला अडकवायचा, इंजिन सावकाश पुढे चालू ठेवायचं, सुकाणू धक्क्यापासून उलट वळवायचं. होडी आपली अंग चोरून धक्क्याला चिकटून राहायची. मग बाकीचे दोर निवांत बांधा.

तिच्या होडीला मधली खुंटी नव्हती. नवऱ्यानं ती बसवूच दिली नव्हती. "डेकला भोक पाडणं म्हणजे पाण्याला आवतण," हे त्याचं ठरलेलं वाक्य. डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मध्ये लाकूड. पाणी आत शिरलं की लाकूड कुजतं.

खुंटी आणली, ड्रिल आणलं, आणि घोडं अडलं. वरून बोल्ट फिरवायचा तर आतल्या कपाटात हात घालून कुणीतरी नट धरायला हवा. एकटीनं होडी लावता यावी म्हणून केलेला खटाटोप, आणि त्यालाच दोन माणसं! डॉक्टरांना विचारायला तोंड नव्हतं. राहिली नणंद. नवऱ्यापेक्षा मोठी, आईमागं त्याला हिनंच वाढवलेलं.

"माझ्या भावाच्या होडीला भोकं पाडणार तू?" नणंदेनं डोळे वटारले. "त्याला चाललं असतं का?"

"नसतं चाललं, वन्सं. पण ते असते तर मला खुंटी लागलीच नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद जुनं लुगडं नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून धक्क्यावर हजर झाली.

बसबाईनं ड्रिल टेकवलं आणि तिचा हात थांबला. हे डेक तो दर रविवारी पुसायचा. खालून कपाटातून आवाज आला, "अगं, पाडतेस की मुहूर्त बघतेस?" तिनं दाबलं. पांढरा भुगा निघाला, आणि मग एकदम काळपट, ओला चिखल.

"वन्सं, लाकूड कुजलंय इथं."

नणंद रांगत बाहेर आली. दोघींनी शोधलं. भोकाला लागूनच कंदील टांगायची पितळी पट्टी होती. बसबाईनं तिचे स्क्रू काढले. खाली ना रबर, ना पाणी अडवणारा लेप. पाणी वर्षानुवर्षं सुखानं आत जात होतं. पट्टी खुद्द नवऱ्यानं बसवलेली.

नणंद बघतच राहिली, आणि मग हसत सुटली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! लहानपणापासून असाच गं. नियम सगळे दुसऱ्यांना." हसता हसता तिला रडू फुटलं. बसबाई शेजारी बसली. नवरा गेल्यापासून दोघी एकमेकींसमोर रडल्या नव्हत्या. प्रत्येकीला वाटत होतं, आपण धीर सोडला तर दुसरी कोलमडेल.

काम लांबलं. कुजकं लाकूड कोरून काढलं, पोकळी नीट वाळू दिली, रेझिननं भरली. ते दगडासारखं घट्ट झाल्यावर त्यातूनच नवी भोकं पाडली. खुंटीखाली लेप, आत जाड स्टीलची पट्टी, म्हणजे ओढ लागली तरी बोल्ट डेक फाडून वर यायचे नाहीत. नणंद कपाटात आडवी होऊन पाना धरायची आणि वरच्या कामावर टीका करायची.

मग एका वाऱ्याच्या दुपारी बसबाई एकटीच बाहेर जाऊन आली. धक्का जवळ आला तसा तिनं मधला दोर हाताशी घेतला. होडी थोडी घासली, रंगही गेला. पण मधला दोर अडकला, ताणला गेला, खुंटी कुरकुरली आणि तशीच राहिली. होडी थांबली. बसबाईनं बाकीचे दोर बांधले, इंजिन बंद केलं आणि आजूबाजूला पाहिलं. डॉक्टर आले नव्हते. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. इतकं छान जमलं आणि बघायला कुणी नाही, याचा तिला चक्क राग आला.

तिनं नणंदेला फोन लावला.

"लागली का?" पलीकडून आधीच प्रश्न आला.

"लागली. रंग गेला थोडा."

"जाऊ दे. रविवारी मला ने. मी नुसती बसेन, दोराला हात लावणार नाही, आधीच सांगते."