मनोरमावहिनी आणि डॉक्टरांचा हातगुण

वटार गावच्या मनोरमावहिनींचं तोंड कमरेच्या कोयत्याहून धारदार. केळीच्या बागेत त्या अनवाणीच फिरत. चपलेतून मातीचा ओलावा कळत नाही, म्हणत. नवरा गेल्यावर बाग राखली ती ह्या दोन पायांवर.

त्यांचा विश्वास एकाच माणसावर, डॉक्टर विद्याधरांवर. हातगुणच तसा. साध्या सर्दीलाही इंजेक्शन, वर रंगीत कॅप्सुली, आणि संध्याकाळी माणूस पुन्हा बागेत. बरं वाटलं की उरलेल्या कॅप्सुली डब्यात जात, शेजारणीला ताप आला की बाहेर निघत. डॉक्टरांनी कधी हटकलं नाही. सणावाराला वेलची केळीचा घड मात्र बोळिंजला त्यांच्या घरी पोचायचा.

दोन हजार तीन साली कुंपणाची तार टाचेत घुसली. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, पण जखम चिघळतच गेली. मुंबईच्या इस्पितळात पू तपासला. तिथली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "ह्या जंतूंना आमचं एकही औषध लागू पडत नाही. परदेशात कुठे कुठे जंतू खाणारे विषाणू वापरतात, आपल्याकडे ते मिळत नाहीत. पाय काढावा लागेल."

"आमच्या डॉक्टरला इचारल्याबिगर नाय," वहिनी म्हणाल्या.

मुलगा जितेंद्र त्यांना गाडीनं थेट बोळिंजला घेऊन गेला. दार उघडंच होतं. आत डॉक्टरांसमोर त्यांची सून स्वप्ना तापलेल्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाबा, अँटिबायोटिक देऊ?"

"अजिबात नको. सर्दीचा ताप आहे, आपोआप उतरेल. उगाच दिलं तर जंतू सोकावतात. मग खऱ्या वेळी काहीच चालत नाही."

वहिनींनी चौकट धरली. "आनि आमचे जंतू काय सोकावत नाय, डॉक्टर?"

डॉक्टर उठले. मग म्हणाले, "वहिनी, औषधाशिवाय थांबा म्हटलं असतं तर थांबला असतात? दुसऱ्याच्या दवाखान्यात गेला असतात."

"केली पिकायला थांबतोच ना आमी? सांगून तर बघायचं व्हतं."

पाय घोट्यापासून कापावा लागला.

महिन्याभरानं डॉक्टर वटारला आले. वहिनी ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. डॉक्टर वाकून म्हणाले, "पट्टी बघू जरा."

वहिनींनी लुगड्याचा घोळ खाली ओढला. "ऱ्हावं द्या. तुमाला दाखवायसारखं काय उरलं नाय."

डॉक्टर उभेच राहिले. वहिनींनी त्यांना बसा म्हटलं नाही.