गोलात केलेल्या सह्या

बहारीनला मी मोठी जहाजं ओढून बंदरात आणणाऱ्या टगबोटींच्या एका कंपनीत एचआरला आहे. म्हणजे वाईट बातमी पोचवायचं काम माझं. त्या वर्षी सगळ्यांचाच पगार कापायचं ठरलं, ऑफिसवाल्यांचासुद्धा. संमतिपत्रावर मी मुकाट्याने सही करून टाकली. झिंज भागातल्या माझ्या फ्लॅटचं भाडं डोळ्यांसमोर होतं. मग टगवरच्या खलाशांच्या सह्या आणायला धक्क्यावर गेलो.

ते नऊ जण, बहुतेक रत्नागिरीकडचे. त्यांचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुखिया, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला. सगळे त्याला चाचा म्हणत, म्हणून मीही. त्याने माझं पत्र वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "टग सुटनार नाय," एवढंच म्हणाला. आवाज चढवणं वगैरे काही नाही. मीच उगाच घसा खाकरत उभा.

मग त्याने जेवायचं ताट कागदावर पालथं घातलं, कडेकडेने पेन फिरवून गोल काढला आणि आत लिहिलं, कपात रद्द करा. गोलाभोवती एकेकाने सही केली. पहिली त्याची, मी समोरच होतो, तरी त्याने लपवलं नाही. पण नऊ सह्या झाल्यावर पहिली कुठली नि शेवटची कुठली, कुणाच्या बापाला कळलं नसतं. ही युक्ती त्याच्या आजोबांची. ते गोऱ्यांच्या आरमारात खलाशी होते. पगार कापला तेव्हा अख्ख्या जहाजाने लंगर उचलायला नकार दिला, आणि म्होरक्या कोण ते साहेबांना शेवटपर्यंत सापडलं नाही. चाचाने हे चहा ओतता ओतता सांगितलं आणि तो कागद मॅनेजरला द्यायला माझ्या हातात ठेवला.

सहा दिवस टगने कंपनीचं एकही जहाज ओढलं नाही. पण रोज पाहावं तर डेक धुतलेला, दोरखंड नीट गुंडाळलेले, इंजिनाचं तेलपाणी झालेलं. "आमचा भांडन पगाराशी हाय, बोटीशी नाय," चाचा म्हणाला. चौथ्या दिवशी मच्छीमारांची एक लाँच बंद पडून वाहत निघाली, तर हेच लोक गेले, तिला ओढून आणलं आणि टग पुन्हा धक्क्याला बांधून बसले. मला त्यांना दंडवत घालावासा वाटला.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. पहिली सही कुणाची, तू तिथे होतास ना? नाव सांगितलं की चाचाचा व्हिसा खलास, हे मला पक्कं ठाऊक होतं. "सर, मी फोनवर होतो," मी ठोकून दिलं. त्याने तीनदा विचारलं आणि मी तीनदा तेच सांगितलं. बाहेर जहाजं ताटकळत होती. दोन दिवसांनी कपात रद्द झाली, सगळ्यांचीच.

कपात रद्द झाल्याचं पत्र घेऊन मी जवळजवळ धावतच धक्क्यावर गेलो. केबिनमधला किस्सा चाचाला तिखटमीठ लावून सांगितला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

"मोठा काम केलात, सायेब," तो म्हणाला. "पन पगार तर तुमचा पन कापलेला. मग गोलात तुमची सही का नवती?"

रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं त्याने.

"मला कुणी विचारलंच नाही," मी म्हणालो.

"आमाला तरी कोनी विचारलेला?" म्हणत चाचाने सरकून मला बसायला जागा करून दिली. फार लाज वाटत होती. तरी बसलो.