मास्तर हातांवर बसायचे

मास्तरांना राग आला की ते स्वतःच्या दोन्ही हातांवर बसायचे. म्हणजे खरोखर बसायचे. पन्नाशीचा, टक्कल पडू लागलेला, आडव्या हाडाचा हा माणूस लाकडी स्टुलावर तळहात ठेवायचा, त्यांच्यावर बूड टेकायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात आमचा जीन्सचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांब खोली. तिथे मास्तर कापड कापायचे आणि मी शिवून आलेल्या पँटी तपासून सुटलेले दोरे काढायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, या माणसाला मूळव्याध असावी.

एकदा सेठने सकाळी फोनवर एक माप सांगितलं आणि दुपारी येऊन, आपण दुसरंच सांगितलं होतं म्हणून मास्तरांना सगळ्यांसमोर झापलं. तोवर कापडाचे चाळीस थर कापून झाले होते. मास्तरांच्या मानेची शीर तट्ट फुगली. त्यांनी आधी कटरचं बटण बंद केलं, मग स्टूल ओढलं आणि बसले. सेठ सिंधी, तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नव्हता. "बैठ गया मास्टर? ठीक है, बैठ," म्हणत तो खाली चहा प्यायला निघून गेला. दहा मिनिटांनी मास्तर उठले तेव्हा त्यांच्या तळहातांवर स्टुलाच्या फळ्यांचे वळ उमटले होते.

मशीनवरचे कारागीर त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचे, आणि खरं सांगायचं तर मीही हसायचे. एक दिवस धीर करून विचारलं तर ते म्हणाले, "राग यायला टाइम लागत नाय, ताई. हात उठायला लागतो, थोडासाच. तेवढ्यात बसून घ्यायचं."

म्हणून मास्तर संत होते असं कोणी समजू नये. ते कुचकट बोलायचे. चहा पातळ झाला तर तो आणणाऱ्याचा दिवसभर उद्धार करायचे. कोणाच्या लग्नाला जायचे नाहीत, सणाला गोडधोड आणलं तर कागदात गुंडाळून ठेवायचे. त्यांची बायको एकदा मला म्हणाली होती, "आमच्या घरात भांडान नाय, पन हसू पन नाय." तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

आता माझं सांगते. राग माझ्या नाकावर असतो, हे अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा. माझी मुलगी सानिका तेव्हा सातवीत होती. एका सकाळी तिची वही सापडेना, दूध उतू गेलं, मला उशीर झालेला, आणि ती काहीतरी उलट बोलली. हातात उलथनं होतं. मी तिच्या दंडावर मारलं. किती वेळा ते मला आठवत नाही, आणि त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. ती रडायची थांबली तेव्हा मी भानावर आले.

मग मी नेहमी करायचे तेच केलं. भरपूर तूप आणि बेदाणे घालून शिरा केला. मारलं की शिरा, हा आमच्या घरचा रिवाजच झाला होता. सानिकाने ताटलीकडे बघत तो खाल्ला. उरलेला मी नेहमीसारखा डब्यात भरून कारखान्यात नेला आणि सगळ्यांपुढे धरला. मास्तरांनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "आज कोणाला मारलंत?"

मला वाटलं धरणीने पोटात घेतलं तर बरं. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. मास्तरांनी मला जिन्यात नेऊन बसवलं. धीर वगैरे काही दिला नाही. "तो शिरा बंद करा आधी," म्हणाले. "मारल्यावर गोड दिलं की पोराला कळत नाय, रडायचं का खायचं. आन माफी पन रोज मागू नका. माफी मागून तुम्ही मोकळ्या होता. तिनं काय करायचं? लगेच हसायचं?"

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तिच्यासाठी एक काम धरा. रोजचं. आन ती काय बोलते ते बघत बसू नका."

त्या दिवशी त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाचं सांगितलं. दोघं पालेगावचे, शेजारी शेजारी घरं. बिल्डर आला तेव्हा भावाने यांना न विचारता जमिनीच्या कागदावर सही केली. मास्तरांना ते बाहेरून कळलं. अंगणात फावड्याचा दांडा पडला होता. भावाचं उजवं मनगट मोडलं ते नीट सांधलंच नाही. कंपनीत फिटर होता, त्याला गेटवर बसवलं. भावाने पोलिसात तक्रार केली नाही, शिवी दिली नाही, फक्त बोलणं सोडलं. प्लॅस्टर निघाल्यावर दाढी वाढलेला भाऊ ओटीवर बसलेला मास्तरांनी पाहिला. ते घरात गेले, आपलं दाढीचं सामान घेऊन आले आणि त्याच्यासमोर बसले. तेव्हापासून एक दिवसाआड सकाळी कामावर यायच्या आधी ते भावाची दाढी करायचे. त्याला अकरा वर्षं झाली होती.

मी म्हटलं, गावात सलून आहे की. मास्तर म्हणाले, "आहे. पन सलूनवाल्यानं त्याचा हात नाय मोडला."

पुढे एका रविवारी मास्तरांच्या घरी पूजेला गेले तेव्हा मी ते पाहिलं. भाऊ खुर्चीवर, मांडीवर टॉवेल, हात टॉवेलाखाली. मास्तरांनी ब्रश फिरवला, वस्तरा घेतला. भावाने न सांगता हनुवटी वर केली. ज्याने आपला हात मोडला त्याच्या वस्तऱ्यापुढे हा माणूस गळा धरून बसला होता. दोघं एक शब्द बोलले नाहीत. मास्तरांनी तोंड पुसून दिलं, वाटी धुतली आणि निघाले. मला बघवलं नाही. वाटलं, ही कसली शिक्षा, आणि नक्की कोणाला?

मी शिरा बंद केला. अर्धा तास लवकर उठून सानिकाला शाळेपर्यंत सोडायला जाऊ लागले. पहिले काही महिने ती माझ्यापुढे दहा पावलं चालायची. मी मागून दप्तर बघत जायचे. त्यानंतर माझा हात पुन्हा उठला नाही असं नाही, खोटं कशाला सांगू. एका सकाळी तो अर्ध्यावर गेला आणि मी तशीच स्वयंपाकघरात फरशीवर हातांवर बसले. सानिका बघत राहिली. मग मला ओलांडून तिने गॅस बंद केला. त्या दिवशी ती माझ्या शेजारून चालली.

मास्तर मागच्या हिवाळ्यात गेले. कावीळ झाली ती अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेल्यावर आठ दिवसांत सगळं संपलं. माझं पालेगावला जाणं दीड महिन्याने झालं. भाऊ ओटीवर बसला होता. दहाव्याला काढलेले केस उगवून आले होते आणि दाढी चांगली वाढली होती. त्याने आत हाक मारून चहा मागवला. चहा आला तेव्हा कप त्याने उजव्या हातात घेतला. बोटं जरा वाकडी होती, पण कप हलला नाही.

मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. "जड काम नाय होत," तो म्हणाला. "पन दाढीपुरता हात दोन वर्षांतच आला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तो आला नसता." मग म्हणाला, "त्याला पन माहीत असंल. कापडावरून हात फिरवणारा मानूस, दुसऱ्याचा हात त्याला कळत नसंल?"

इतकी वर्षं दोघं भाऊ एका खोट्याला धरून समोरासमोर बसले होते. माफी मागायला एक घाबरत होता, द्यायला दुसरा, आणि दोघांनाही सकाळ चुकवायची नव्हती. कप खाली ठेवून भावाने विचारलं, "तो तिकडं कामावर माझं नाव काढायचा का कधी?"

मास्तर जिन्यातल्या त्या दिवशी शेवटी एक वाक्य बोलले होते. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आता सांगितलं. ते म्हणाले होते, दिवसभर मला माझ्या हातांची भीती वाटते, फक्त त्याची दाढी करताना वाटत नाय.

भाऊ त्या वाकड्या बोटांनी दाढी चाचपत म्हणाला, "हे मला त्यानं सांगायला पायजे होतं." आणि मग, "मी तरी कुठं विचारलं."