नवांपैकी मी कोणीच नव्हते

बुलढाण्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला इंग्रजी शिकवायला जे सर होते, ते मराठीत कविता करत. उंच, गोरे, खांद्यावर शबनम, आवाज खर्जातला. इंग्रजी कविता समजायची तर ग्रीकांच्या देवदेवता माहीत पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून एक अख्खा तास त्यांनी कलेच्या नऊ देवींवर घेतला. नऊ सख्ख्या बहिणी. बाप देवांचा राजा, आई स्मृती. एक महाकाव्याची, एक इतिहासाची, एक प्रेमगीतांची, एक नाचाची, आणि आकाशातल्या ताऱ्यांचीसुद्धा एक. कवीने लिहायला बसताना त्यांना हाक मारायची. त्या येऊन त्याच्या कानात सांगणार, आणि तो लिहिणार.

मी साखरखेर्ड्याजवळच्या एका खेड्यातून आले होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. वर्गात सहसा तोंड उघडत नसे. त्या दिवशी कसा कोण जाणे, हात वर गेला.

"सर, एवढं सारं त्यायलेच येत होतं, तं त्या सोता काऊन नाई लिहत?"

वर्ग खो खो हसला. माझ्या 'काऊन'ला हसला की प्रश्नाला, ते मला आजही माहीत नाही. सर मात्र हसले नाहीत. "छान प्रश्न आहे. तास संपल्यावर भेट," म्हणाले. भेटल्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट विचारलं, "तू लिहितेस का काही?"

मी लिहीत होते. दोनशे पानी वही होती माझी. अर्ध्या वहीत माझ्या कविता, आणि उरलेल्या अर्ध्या वहीत मायची गाणी. माय रोजंदारीने निंदायला जायची. बायांच्या रांगेत खुरपं चालवता चालवता ती मनानेच गाणी जोडायची. जयंतीला विहारात बाया गातात ती गाणी वेगळी. ही तिची स्वतःची होती, वावरातली, तिथल्या तिथे सुचलेली. दुसऱ्या दिवशी तिलाच आठवायची नाहीत, म्हणून मी लिहून ठेवायची. त्यातलं दोन ओळींचं एक अजून माझ्या तोंडात आहे :

*वावर परक्याचं, इळा मातर माहा,*
*काट्यानं इचारलं मले, पाय कोनाचा हा.*

त्या वर्षीच्या गॅदरिंगला सरांनी नऊ देवींचा देखावा बसवला. पांढऱ्या साड्या, कपाळाला सोनेरी कागदाच्या पट्ट्या, पुठ्ठ्याची वीणा. नऊ मुली निवडायच्या होत्या. मी सरावाला गेले, ओळीत उभी राहिले. सरांनी नऊ जणी निवडल्या. साऱ्या शहरातल्या, साऱ्या उजळ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुला मी मुद्दाम घेतलं नाही. स्टेजवर उभं राहणं कुणालाही जमतं. तुझं काम शब्दांचं आहे."

मला ते खरं वाटलं. मला तर अभिमान वाटला. तीन दिवस बसून प्रत्येक देवीसाठी चार चार ओळी लिहिल्या. कार्यक्रमाच्या दिवशी त्या ओळी सरांनी स्वतःच माईकवरून म्हटल्या. पडद्यामागे मी साड्यांच्या पिना लावत होते. टाळ्या पडल्या. सर आत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "खरी देवी तर इथे आहे."

वसतिगृहातल्या मैत्रिणीला मी ते वाक्य किती वेळा सांगितलं असेल! ती एकदाच म्हणाली, "अन् तुहं नाव घेतलं का बे त्यानं माईकवर?" मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सरांनी वही मागितली. "भाषा थोडी शुद्ध करू. तुझ्यात ताकद आहे, पण हे मले-तुले पुण्यामुंबईत चालणार नाही. मासिकांकडे पाठवू." मी दिली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. विचारलं की म्हणत, बघतोय. परीक्षा झाल्यावर म्हणाले, "अगं, घर बदललं ना, कुठल्या खोक्यात गेली कळत नाही. सापडली की कळवतो."

दुसरी प्रत नव्हती. माय म्हणाली, "जाऊ दे, वहीच होती ना." माझ्या बऱ्याच कविता मला पाठ होत्या, त्या मी पुन्हा लिहून काढू शकले असते. काढल्या नाहीत. डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, लग्न झालं, मुलगी झाली. सर अधूनमधून वर्तमानपत्रात दिसत. मी मोठ्या कौतुकाने नवऱ्याला दाखवायची, हे आमचे सर.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी एक दिवस सरांचा संग्रह आणून दिला. त्याला पुरस्कार मिळाला होता. "तुमच्या कॉलेजचे ना हे? वाचा, काय लिहिलंय! मजूर बाईचं दुःख स्वतःच भोगल्यासारखं."

मधल्या सुट्टीत मी तो उघडला. अर्पणपत्रिकेवर होतं, 'जिने मला शब्द दिले, त्या अनामिक प्रेरणेस.' पान उलटलं. चौथी कविता माझी होती. सहावी माझी. नववी मायची. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलं वर्गात जाऊन बसली, आणि मी व्हरांड्यात उभी राहून बोटाने पानं मोजत राहिले. एकवीस कविता वहीतल्या होत्या. प्रस्तावनेत कुण्या समीक्षकाने लिहिलं होतं की कवीची प्रतिभा मजूर स्त्रीच्या अनवाणी तळव्यात शिरली आहे.

शनिवारी मी गावाला गेले. माय ओट्यावर बसून मटकी पाखडत होती. तिला वाचता येत नाही. मी तिला नववी कविता वाचून दाखवली :

*शेत परक्याचे, विळा मात्र माझा,*
*काट्याने विचारले मला, पाय हा कुणाचा.*

सूप थांबलं. "हे तं माह्यं हाय," ती म्हणाली.

"हो माय."

"पन लंगडून राह्यलं ना ते. कोनं मोडलं त्याले?"

मी तिला सगळं सांगितलं. वही कुणाला दिली, काऊन दिली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुनं माह्यं गानं त्याले देल्लं, तं मले इचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. तिला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

महिनाभराने बुलढाण्यात सरांचा सत्कार होता. मी चिखलीहून बस बदलून गेले. पुस्तकातली एकवीस पानं दुमडून ठेवली होती. प्रश्नोत्तरं होतील तेव्हा उभं राहायचं आणि विचारायचं, एवढंच ठरवलं होतं. वाक्यं बसमध्ये दहादा घोकली.

प्रश्नोत्तरं झालीच नाहीत. सरांनी मला तिसऱ्या रांगेत पाहिलं. बोलता बोलता थांबले आणि माईकमध्ये म्हणाले, "आज इथे माझी एक विद्यार्थिनी आली आहे. ग्रीकांच्या नऊ देवी मी पुस्तकात वाचल्या होत्या, दहावी मला माझ्याच वर्गात भेटली." सभागृहाने माना वळवल्या. कुणीतरी मला हात धरून वर नेलं. शाल आली, नारळ आला. फोटोवाला म्हणाला, मॅडम, जरा इकडे. सरांनी माईक माझ्यापुढे केला. "दोन शब्द बोल."

मी बोलले. म्हणाले, "सरांनी मला घडवलं. मी त्यांची ऋणी आहे."

एकही 'मले' नाही, एकही 'काऊन' नाही. स्वच्छ, शुद्ध मराठी. टाळ्या पडल्या. खाली येऊन बसले तेव्हा मांडीवरच्या पिशवीत ते पुस्तक होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. या वेळी नवरा बरोबर होता, पण तो फाटकाशीच थांबला. सरांनी बसायला सांगितलं. मी दुमडलेली पानं उघडून टेबलावर ठेवली.

"सर, या माझ्या कविता आहेत. आणि या चार माझ्या आईच्या."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. चष्मा काढून पुसत म्हणाले, "तुझ्या वहीत जे होतं तो कच्चा माल होता. त्याला रूप मी दिलं. तुला अर्पण केलं आहे पुस्तक, आणखी काय हवं?"

"नाव हवं होतं."

"प्रेरणेला नाव नसतं. असलं तरी कवितेखाली तिची सही नसते." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "आणि तू स्वतः सभेत काय म्हणालीस? फोटो आला आहे पेपरात. आता दुसरं काही बोललीस तर लोक तुलाच हसतील. शिक्षिका आहेस, जपून."

त्यांनी चहा मागवला. मी तो घेतला, हेही सांगायला हवं.

प्रकाशकांना पत्र लिहिलं. पुरावा असल्यास पाठवावा, असं एका ओळीचं उत्तर आलं. पुरावा त्यांच्याच लेखकाच्या घरी होता. सहकारी बाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो, तुमची आठवण तरी ठेवली त्यांनी." वसतिगृहातली मैत्रीण शेगावला असते. तिला फोन करून हे कळवलं. 'तुला तेव्हाच सांगितलं होतं' असं तिने म्हटलं नाही, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.

त्या दिवसांत मी ग्रीक कथांचं एक पुस्तक वाचनालयातून आणलं. सरांनी वर्गात न सांगितलेली एक गोष्ट त्यात सापडली. एका राजाच्या नऊ मुली होत्या. त्या उत्तम गात. त्यांनी देवींना गाण्याचं आव्हान दिलं. निकाल अर्थातच देवींच्या बाजूने लागला आणि हरलेल्या मुलींचे कलकलाट करणारे पक्षी करून टाकले. त्या मुली काय गायल्या, हे फार थोडं सांगितलं होतं. देवी काय गायल्या, ते पानंच्या पानं. मी पुस्तक परत करून आले.

सर पुढे निवृत्त झाले. संग्रहाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. नववी कविता अभ्यासक्रमात लागली, आणि माझी मुलगी पहिल्या वर्षाला गेली तेव्हा ती तिच्या पुस्तकात होती. खाली स्वाध्याय होता : 'कवीच्या संवेदनशीलतेची वैशिष्ट्ये सांगा.'

मुलीला सगळं माहीत होतं. परीक्षेहून आली तेव्हा मी विचारलं, "आला का तो प्रश्न?"

"आला."

"काय लिहिलं?"

"गाईडमधलं," ती म्हणाली. "मार्क लागतात ना मम्मी." आणि मग माझ्याकडे न बघता, "मी वेगळं लिहिलं असतं तं काय झालं असतं?"

मी तिच्या दुप्पट वयाची असताना, हातात माईक असताना काय बोलले होते, ते तिने पेपरातल्या फोटोखाली वाचलेलं आहे.

माय आता वावरात जात नाही. गुडघे गेले. पण हात रिकामे ठेवत नाही. मागच्या संक्रांतीला गावाला गेले होते. बस लवकर पोचली. घराच्या मागच्या अंगणात माय आणि शेजारची म्हातारी तूर निवडत बसल्या होत्या आणि माय गात होती. नवीन होतं काहीतरी, मी आधी न ऐकलेलं. शेजारीण हसत होती, मधेच "अजून म्हन" म्हणत होती. मी कुडाशी उभी राहिले. दोन ओळी कानावर आल्या, तिसरी अर्धी आली.

शेजारणीने मला पाहिलं. "आली वं तुही पोरगी."

माय थांबली. "ये, बस. पानी घे," म्हणाली.

"म्हण ना माय. थांबली काऊन?"

"काई नाई, असंच."

"मी लिहणार नाई."

तिने सूप उचललं आणि तुरीतले खडे वेचायला लागली. "तुह्या म्होरं नको बाई," एवढंच म्हणाली, रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. शेजारीण उठून घरी गेली. मी मायजवळ बसले आणि आम्ही दोघींनी मिळून संध्याकाळपर्यंत ती तूर निवडली.